घर के खाली

इंदिरा नगर, लखनऊ
१६ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव दिनू,

अनेक आशीर्वाद.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवून चहा करून आले. तुला आशीर्वाद द्यायचा माझा हक्क अजून शाबूत आहे की नाही, मला माहीत नाही. पण मोठ्या बहिणीने धाकट्या भावाच्या पत्राची सुरुवात आणखी कशी करायची असते, तेही मला येत नाही. तेव्हा घे. नको असतील तर परत पाठव.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही, धूर मात्र आला आहे. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की घसा धरतो. तुझे दाजी औषध संशोधनाच्या संस्थेतून कधीचे रिटायर झाले, तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायला बसतात, आणि कुणी विचारलं तर अजून औषधांवर भाषण देतात. गुडघ्यांनी मात्र त्यांचं ऐकणं सोडलंय. मैत्रेयी बंगळुरात आहे. तिची मुलगी फोनवर माझ्याशी हिंदीत बोलते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं. निदान मला तसं वाटायचं.

तुझा पत्ता प्रथमेशकडून घेतला. रागावू नकोस त्याच्यावर. दिवाळीला फोन करतो तो, बायकोलाही बोलायला लावतो. तोच म्हणाला, लातुरात फ्लॅट घेताना बाबांनी हट्टाने सगळ्यात वरचा मजला घ्यायला लावला. लिफ्ट दर महिन्याला बंद पडते, तरी बाबा म्हणतात, डोक्यावर कुणी नको. मी पुढे काही विचारलं नाही. कळलं मला.

तो म्हणाला, आत्या, फोनच लावून देतो. मी नको म्हटलं. एक तर तू फोनवर "बरं आहे" म्हणून ठेवून देशील. दुसरं, या गोष्टीत मला फोन नको आहे. का, ते पुढे येईल.

किल्लारीच्या भूकंपाला या सप्टेंबरात बत्तीस वर्षं झाली. आपल्या अबोल्यालाही तेवढीच. त्या पत्र्याच्या शेडपाशी तू मला एकच प्रश्न विचारला होतास, "तू कुठे होतीस?" मी दिलेलं उत्तर तुला खोटं वाटलं. तू त्यावर जे म्हणालास ते मला खोटं वाटलं. आपल्यापैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं, दिनू. हे मला आता, या महिन्यात कळलं आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. पण मला एकदम तिथे जाता येत नाही. थोडं फिरून येऊ दे.

शेजारच्या नीलमभाभी आठवतात का? तू एकदाच इकडे आलास, मैत्रेयीच्या बारशाला. भाभींनी तुला इतक्या पुऱ्या वाढल्या की तू दुसऱ्या दिवशी नुसत्या ओव्याच्या पाण्यावर होतास, आणि म्हणालास, "ताई, लखनऊत 'बस' या शब्दाला काही किंमतच नाही." त्याच. त्यांचे मिस्टर सक्सेनाजी टेलिफोन खात्यात होते, म्हणून तेव्हा आमच्या घरांच्या लायनीत फोन फक्त त्यांच्याकडे. आमचा नंबर वेटिंगमध्ये होता. त्यांचाच नंबर मी तुम्हा सगळ्यांना देऊन ठेवला होता. आई तो नंबर देवघराच्या भिंतीवर कुंकवाने लिहायला निघाली होती, तू हसून खडू दिलास.

सक्सेनाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची शिवांगी पुण्यात नोकरी करते. या पावसाळ्यात भाभी पहिल्यांदाच तिच्याकडे लांब मुक्कामाला गेल्या. गेल्या गेल्या त्यांचा फोन. म्हणाल्या, "विभा, तुम्हारे पुणे वाले बड़े अजीब हैं." काय झालं, तर त्या लिफ्टमध्ये उभ्या होत्या, मधल्या मजल्यावर दार उघडलं, बाहेरच्या बाईंनी विचारलं, "खाली?" भाभी म्हणाल्या, "अरे खाली कहाँ, हम हैं न अंदर. आप भी आ जाइए, बहुत जगह है." त्या बाई बिचाऱ्या गोंधळून आत आल्या आणि दोघी मिळून तळमजल्यावर गेल्या. संध्याकाळी शिवांगीने उलगडून सांगितलं की मराठीत खाली म्हणजे नीचे.

मी पोट धरून हसले. हा धडा तर माझाच होता. संस्थेत कुणी नवं मराठी जोडपं आलं की त्या मुलीला मी समोर बसवून सांगायची, बाई गं, इथे शिक्षा विभाग म्हणजे मुलांना छड्या मारणारं खातं नाही. कुणी "चेष्टा करेंगे" म्हणाला तर तो तुझी थट्टा करणार नाहीये, प्रयत्न करणार आहे. आणि बसमध्ये कंडक्टर "आगे खाली है" असं ओरडला तर वाकून पायाखाली बघू नकोस, पुढे जागा आहे. मुली हसायच्या. इथल्या मराठी मंडळात माझं नावच पडलं होतं, हिंदीच्या बाई. असो.

भाभी दिवाळीआधी परत आल्या. आल्यावर एरवी ज्या थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरतात, त्या आल्याच नाहीत. मी फराळाचा डबा पाठवला तर तो मोलकरणीकरवी परत आला, धुऊन, रिकामा. डबा कधी रिकामा परत न पाठवणारी बाई ती. मला वाटलं, तब्येत बरी नसेल, किंवा माझंच काही चुकलं असेल. शेवटी एका दुपारी आल्या आणि खुर्चीवर न बसता दारातल्या वेताच्या मोढ्यावर बसल्या.

म्हणाल्या, पुण्यात एक दिवस त्या भाजी निवडत होत्या. टीव्हीवर मराठी बातम्या लागल्या होत्या. कुठेतरी पावसात भिंत पडली होती. दगडमाती दाखवत होते आणि बातमी देणारी मुलगी पुन्हा पुन्हा "खाली, खाली" म्हणत होती. भाभींनी शिवांगीला विचारलं, हे काय म्हणतायत? ती म्हणाली, मम्मी, लोग मलबे के नीचे दबे हैं. खाली माने नीचे, लिफ्ट वाला याद नहीं?

"बस, विभा," भाभी म्हणाल्या, "उसी वक़्त हमको भैया की आवाज़ सुनाई दी. बिल्कुल साफ़. जैसे उस दिन फ़ोन पर."

मी विचारलं, काय?

"भैया ने कहा था, 'सब लोग घर के खाली है.' हमने सोचा, मराठी आदमी हैं, का-के-की इधर-उधर हो ही जाता है. घर खाली है, मतलब सब लोग निकल गए. फिर लाइन कट गई. हम दौड़ के तुम्हारे पास आए. और विभा, 'कोई अंदर था ही नहीं', ये तो हमने अपनी तरफ़ से जोड़ दिया था. ख़ुशी में."

दिनू, बाहेर भंगारवाला ओरडत गेला तेवढं आठवतं. मी ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. सगळे लोक घराच्या खाली आहेत.

मी मुलींना शिकवायची ना, शिक्षा, चेष्टा, आणि तिसरा शब्द? तोच होता तो.

आता त्या दिवशी मी कुठे होते ते सांगते. तू विचारलं होतंस आणि मी तुला नीट कधी सांगितलंच नाही. इथे मंडळात गणपतीत चहा पिताना लोकांना तो खेळ फार आवडतो. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा तुम्ही कुठे होता, अमुक झालं तेव्हा कुठे होता. प्रत्येकाजवळ एक तयार गोष्ट असते. कुणी किल्लारीचं काढलं की मी कप गोळा करून आत निघून जाते. माहीत असलेले लोक माझ्यासमोर ते काढत नाहीत.

सकाळी रेडिओवर कळलं. आपल्याकडच्या गावांची नावं हिंदी निवेदकाच्या तोंडून इतकी वेडीवाकडी येत होती की आधी ती आपलीच आहेत हे लक्षात आलं नाही. मग "लातूर" आलं. तुझे दाजी तसेच स्टेशनवर गेले, कुणाकुणाच्या हातापाया पडून संध्याकाळच्या मुंबईच्या गाडीची दोन तिकिटं घेऊन आले. नेहमीसारखं मनमाडला उतरून पुढे एसटीने यायचं ठरलं. मी बॅग भरली. चादरी, आयोडीन, कापूस, दाजींनी संस्थेतून आणलेल्या गोळ्या. आईसाठी लोकरी शाल घेतली. पाऊस असेल, तिला थंडी सोसत नाही, असं मनात आलं होतं.

आणि दुपारी भाभी अनवाणी धावत आल्या. "विभा! भैया का फ़ोन था! घर खाली है, कोई अंदर था ही नहीं, सब निकल गए!" मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, आई? म्हणाल्या, "सब, विभा, सब!"

मला ते खरं वाटायला वेळ लागला नाही. विसर्जन झाल्यावर तुम्ही कधी कधी शेतावरच मुक्काम करायचात, आई आणि तुझी नयना भाकऱ्या बांधून घ्यायच्या. मी मनात चित्रसुद्धा काढून टाकलं, आई बांधावर बसलेली, पदर डोक्यावर, शेजारी प्रथमेश झोपलेला. घर गेलं तर गेलं, दगडमातीचं माळवदच होतं, पुन्हा बांधू. दाजी तिकिटं परत करून आले. घाईत जाऊन तिथल्या लोकांवर भार होण्यापेक्षा आठवड्याने सामान घेऊन जाऊ, म्हणाले. मी बॅग उपसली. शाल परत घडी करून कपाटात ठेवली.

आणि मग मी शिरा केला.

आई करते तसा, केळं घालून. मोठी कढई भरून. भाभींनी वाट्या मांडल्या आणि आम्ही दोघींनी सगळ्या लायनीत वाटला. भाभींनी एक वाटी हनुमानाच्या देवळात नेऊन ठेवली. लोक घरी येऊन माझे हात हातात घेत होते. मी हसत होते, दिनू. त्या दिवशी मी दिवसभर हसत होते. "तू कुठे होतीस" याचं खरं उत्तर हे आहे. मी गॅससमोर उभी होते, रवा परतत.

पाचव्या दिवशी सोलापूरहून आपल्या चुलत भावाचा, सतीशचा फोन आला. तो मी स्वतः घेतला. त्याला वाटलं मला माहीत आहे. त्याने विचारलं, "ताई, तू आईच्या अंत्यविधीलाही आली नाहीस, असं काय झालं?" पुढचं त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई बाहेर आली तेव्हा तू तिला एका चितेवर सगळ्यांबरोबर द्यायला तयार नव्हतास. पाऊस चालू होता, जवान समजावत होते, आणि तू आईपाशी बसून एकच म्हणत होतास, ताई येतेय. संध्याकाळी सतीशनेच तुला उठवलं. नयनाला आधीच नेलं होतं.

आणि मी आल्यावर काय केलं? शेडपाशी तू "तू कुठे होतीस" म्हणालास, आणि मी रडत रडत म्हणाले, "मला निरोप आला की घर रिकामं आहे. आम्ही तर इकडे शिरा वाटला रे."

शिऱ्याचं तुझ्यासमोर बोलायला नको होतं. तोंडातून गेलं. तुझा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी माणसाचा चेहरा पुन्हा पाहिला नाही. पण मला आज त्याच्या आधीचा शब्द टोचतो आहे. रिकामं. भाभींचा "खाली" मी मराठीत आणला आणि तो "रिकामं" झाला. तू म्हणालास, "रिकामं हा शब्द मी तोंडातून काढला नाही." खरंच नव्हता काढलास. मी तिथे भाभींचा शब्द तसाच्या तसा म्हटला असता, "खाली है" म्हणाले असते, तर आपल्या दोघांनाही उभ्या उभ्या कळलं असतं. पण मी माझ्या भावाशी हिंदीत कशाला बोलू?

तू माझी बॅग उचलून शेडच्या बाहेर ठेवलीस. तुला वाटलं, आली नाही आणि वर सबब बनवते आहे. मला वाटलं, याला धक्का बसला होता, फोनवर भलतंच बोलला आणि आता कबूल करत नाही. दाजींजवळ मी हे कितीदा बोलले आहे. भाभींना मी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि त्या शिवांगीची शपथ घेऊन सांगायच्या, "उन्होंने यही कहा था." त्याही खरंच बोलत होत्या.

भाभींची अवस्था बघवत नाही. नीट जेवत नाहीत. रोज दारात येऊन विचारतात, "लिखा?" म्हणतात, भैयांना सांग, मला काय बोलायचं ते बोलावं. काल विचारत होत्या, "सही सुन लेते तो तुम पहुँच जातीं न?" मी म्हटलं, भाभी, गाडीलाच किती वेळ लागला असता, काही फरक पडला नसता. त्या ऐकून गेल्या. मला स्वतःला ते पटलेलं नाही. निदान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आईपाशी एकटा नसतास.

आता एक विचारते. तुला मी हे कधी विचारलं नाही आणि सतीशनेही सांगितलं नाही. मी रवा परतत होते तेव्हा आई होती का? माझ्या घरात तेव्हापासून रवा येत नाही. मंडळात सत्यनारायणाला प्रसाद वाटायची वेळ आली की मी चपला शोधायला बाहेर जाते. लोक मला विक्षिप्त म्हणतात, म्हणू देत. पण मला हे माहीत नसणं आता झेपत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही लिहिलंस तर मी समजून घेईन, आणि पुन्हा विचारणार नाही.

थंडी वाढली की छातीला तेल लावत जा. तुला लहानपणापासून कफ आहे.

तुझी ताई.
(हे खोडायचं असलं तर तू खोड. मी खोडणार नाही.)

विभा


लातूर
४ डिसेंबर २०२५

ती. ताईस,

दिनकरचा नमस्कार.

पत्र मिळून बरेच दिवस झाले. प्रथमेश सारखा विचारत होता, आत्याने काय लिहिलंय. मी म्हटलं, हिंदीचा तास घेतलाय. मग त्याला वाचायला दिलं. तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

आधी त्या भाभींना सांग की चूक त्यांची नाही. त्यांनी जेवावं. मी आयुष्यभर गणित शिकवलं, हिंदीत मी काठावर पास होणारा. जखमींच्या ट्रकमधून लातूरला आलो होतो. तिथे फोनच्या बूथवर मोठी रांग होती. रांगेत उभा राहून मी ते वाक्य जुळवत होतो, कारण फोन भाभी उचलणार हे माहीत होतं. मनात घोकत होतो. "नीचे" हा शब्द मला येत होता, ताई. त्या दिवशी आठवला नाही.

लाइन कटली ते मला कळलंच नाही. मी पुढे बराच वेळ बोलत होतो. विभा को बोलो जल्दी निकलो, असं. बूथवाल्याने हातातून रिसीव्हर घेतला तेव्हा थांबलो.

तू विचारलंस त्याचं उत्तर. नयना लगेच गेली. मी आणि प्रथमेश अंगणात झोपलो होतो, हे तुला माहीत आहे. आई लगेच गेली नाही. आई त्या दिवशी बोलत होती. मधली भिंत आडवी पडली होती, तिच्या पलीकडून आवाज येत होता. आम्ही सगळे हातांनी दगड काढत होतो, पण गावात तेवढे हात उरले नव्हते.

लातूरहून परत गेल्यावर मी फटीला तोंड लावून सांगितलं, ताईला फोन केला. तिने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, निघाली. मी तुझ्याशी बोललोही नव्हतो. पण तू निघणार याबद्दल मला शंका नव्हती.

मग ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची, कुठवर आली असेल? मी दगड काढता काढता स्टेशनं सांगत गेलो. तू सुट्टीत यायचीस तेव्हा सगळी सांगायचीस, त्यातली जी आठवली ती. कानपूर. झाशी. मग भोपाळ. तिने विचारलं, गाडीत काही खाल्लं असेल का तिने? मी म्हटलं, खाल्लं. मग इटारसी, भुसावळ. एवढ्या वेळात गाडी कानपूरच्याही पुढे गेली नसती, पण मी घाईघाईने आणत होतो तुला. दिवेलागणीला मी सांगितलं, आई, मनमाडला उतरली. आता एसटी धरेल. त्यानंतर तिने विचारलं नाही.

म्हणजे तू रवा परतत होतीस तेव्हा ती होती. ती तुझी वाट बघत होती, पण काळजी करत नव्हती. तू येते आहेस असंच ती समजून होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रथमेशलाही तुझं पत्र दिल्यावर सांगितलं.

मी शेडपाशी तुला विचारलं ते याचसाठी. मला वाटायचं, मी हिला आईसाठी मनमाडपर्यंत आणून ठेवलं आणि तिथून पुढे ही आलीच नाही. अजूनही कधी डोळा लागला की तू मनमाडच्या फलाटावर बॅग घेऊन उभी दिसतेस. शाल हातात घेऊन. शाल तू घेतली होतीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं, पण दिसायची ती पहिल्यापासून.

मी रागावलो होतो ते चुकीचं होतं का, याचा विचार करतो आहे. ठरत नाही. बत्तीस वर्षं रागावलेल्या माणसाला एका पत्राने काय करायचं ते कळत नाही. रागाच्या जागी आता काय ठेवायचं, तेही कळत नाही. तू शिक्षिका नव्हतीस तरी लोकांना शिकवायचीस, हेही शिकव.

ताई, तू ये. दाजींचे गुडघे चालत असतील तर त्यांनाही आण. भाभींना यायचं असलं तर त्याही येऊ देत, पुऱ्या मात्र मी करणार नाही.

प्रथमेशने सांगितलंच आहे, मी वर राहतो आणि फारसा उतरत नाही. लिफ्ट या आठवड्यात पुन्हा बंद आहे. ते असू दे. गाडी मनमाडला आली की फोन कर. मी खाली येऊन थांबतो.

तुझा,
दिनू